पाचपैकी किती द्याल?

माझ्या सासूबाईंनी मला एकदा भाजी निवडता निवडता विचारलं, "तू त्या कंपनीत करतेस तरी काय गं? लिफ्ट तू बनवत नाहीस, विकत नाहीस, बंद पडली तर दुरुस्तही करत नाहीस."

प्रश्न रास्त होता. आमची कंपनी लिफ्ट बनवते, बसवते आणि मग जन्मभर सांभाळते. अंधेरीला मुख्य कचेरी, मुलुंडला कारखाना, घाटकोपरला सर्व्हिस डेपो, बोरिवलीला शाखा, आणि मुंबईबाहेर तर विचारूच नका. या पसाऱ्यात मी, वृंदा सुर्वे, अंतर्गत संपर्क विभागात. म्हणजे कंपनीला स्वतःशीच काही बोलायचं असेल तर ती सोय बघणारी बाई.

"आपल्या सोसायटीत काचेच्या कपाटातला नोटीस बोर्ड आहे ना, कुलूप लावलेला?" मी म्हटलं. "तसाच आमच्या सगळ्या माणसांसाठी एक बोर्ड आहे, पण कॉम्प्युटरवर. रजा, पगाराची पावती, नियम, परिपत्रकं, सगळं त्यावर. त्याला इंट्रानेट म्हणतात. बाहेरच्यांना ते दिसत नाही."

"आणि आतल्यांना दिसतं का?"

सासूबाई भेंडीकडे बघत बोलल्या. हाच प्रश्न विचारायला कंपनीनं पुढे अख्खी सल्लागार मंडळी नेमली. घरात फुकट उत्तर होतं!

आमचं जुनं इंट्रानेट बघायला हवं होतं तुम्ही. उघडल्याबरोबर आमचे एमडी मेहता साहेब, अर्धा पडदा व्यापून, हसत उभे. त्यांच्या खाली कंपनीचं ध्येय. ध्येयाखाली दृष्टी. दृष्टीखाली पुन्हा मेहता साहेब, यावेळी पुरस्कार घेताना. रजेचा अर्ज करायचा तर 'मानवी भांडवल' नावाच्या दारातून आत शिरायचं. बोरिवलीच्या शाखेतली माणसं त्या दारातून कधी गेलीच नाहीत. ती रजेचा अर्ज कागदावर लिहून अंधेरीला येणाऱ्या कुणाच्या तरी डब्याच्या पिशवीत टाकून पाठवत.

तर हे सगळं पाडून नवं बांधायचं ठरलं, आणि त्याआधी कर्मचाऱ्यांचे अभिप्राय गोळा करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. गळ्यात कसलं, मी झेपच घेतली! ऑफिसच्या नाट्यस्पर्धेत खलनायिका करून करून मला कंटाळा आला होता. हजारो माणसं, आणि प्रत्येकाला मी विचारणार, बोल बाबा, तुला काय हवंय? यापेक्षा मोठा रंगमंच कोण देणार?

आम्ही झोकात सर्वेक्षण काढलं. सजावट कशी वाटते, एक ते पाच. माहिती सापडते का, एक ते पाच. एकूण समाधान, एक ते पाच. निकाल आला आणि माझे साहेब देशपांडे खुर्चीतून उठून उभे राहिले.

"सुर्वे, पाच! सगळीकडे पाच! घाटकोपर डेपोनं तर एकाही प्रश्नाला पाचाखाली दिलेलं नाही. लोक खूश आहेत हो. मग बदलायचं कशाला?"

मला मात्र वास आला. ज्या घरात सगळे जेवणाला 'छान, छान' म्हणतात आणि पोळी तशीच ठेवून उठतात, तिथं भाजी करपलेली असते. मी रिक्षा केली आणि घाटकोपर गाठलं.

डेपो म्हणजे एक लांबट शेड. आत दोरखंडाची भेंडोळी, सुट्या भागांचे रॅक, आणि मधोमध एक पत्र्याचं टेबल, त्यावर जेवण, वर्तमानपत्र आणि हत्यारं असं सगळं एकत्र नांदतं. तिथं प्रकाश सावंत भेटला. मुलुंड ते घाटकोपर हा त्याचा पट्टा. या पट्ट्यातली आमची कुठलीही लिफ्ट बंद पडली की सावंत जाणार. माझ्या स्वतःच्या मुलुंडच्या इमारतीतलीसुद्धा. मूळचा मालवणकडचा, जीभ धारदार, उजव्या अंगठ्यात पोवळ्याची अंगठी. अंगठी अंगठ्यात का, तर म्हणे ज्योतिष्यानं बोट सांगितलंच नव्हतं.

"सावंत, खरं सांग. सगळ्याला पाच का दिलेत?"

"मॅडम, तुम्ही स्वतः भरून बघितलात काय तो फॉर्म?"

"म्हणजे?"

"पाच दिले की पुढचा प्रश्न येतो. दोन दिले की खाली चौकोन उघडतो, 'कृपया कारण लिहा'. न लिहिता पुढे जाऊ देत नाही. वरती आपला एम्प्लॉयी नंबर आधीच छापलेला. आता माका सांगा, नंबरासकट साहेबाची निंदा लिहून द्यायला मी काय येडा? पाच द्या, सुटा, वडा खायला जा."

शेडमध्ये हशा पिकला. मागून एक जण ओरडला, "मॅडम, यावेळी पण चहाचा मग देणार ना? मागच्या सर्वेक्षणाचा मग घरात दाढीला वापरतो मी. छापलंय त्याच्यावर, 'आम्ही ऐकतो'."

मी मान खाली घातली, कारण ते वाक्य मीच लिहिलेलं होतं.

मग मी फॉर्मबिर्म पर्समध्ये ठेवला आणि टेबलावर बसले. म्हटलं, "नंबर नाही, नाव नाही. इंट्रानेटवरून तुम्हाला खरोखर काय लागतं ते सांगा."

"ड्रॉइंग," सावंत म्हणाला. बाकीच्यांनी माना हलवल्या.

इथं थोडं थांबून सांगते. लिफ्टमध्ये माणूस अडकला तर त्याला बाहेर काढायला ड्रॉइंग लागत नाही, ते हातानं होतं. पण लिफ्ट पुन्हा चालू करायची तर कंट्रोलरमधली कुठली तार कुठं जाते हे कळायला हवं, आणि त्याचा नकाशा म्हणजे ड्रॉइंग. प्रत्येक मॉडेलचं वेगळं. उंच इमारत, वरच्या मजल्यावर गुडघे धरून बसलेले आजी-आजोबा, खाली सोसायटीचा सेक्रेटरी बोंबलतोय, आणि मेकॅनिक मशीन रूममध्ये मोबाइल घेऊन इंट्रानेटच्या 'ज्ञान व्यवस्थापन' या दारात उभा, आत ड्रॉइंग आहे पण कुठल्या खोलीत ते देवच जाणे! म्हणून या लोकांनी काय केलं होतं? मोबाइलवर आपला एक ग्रुप काढला होता. कुणाकडे जुनं कागदी ड्रॉइंग असेल तो फोटो काढून टाकणार, अडलेला मागणार, मिनिटात मिळणार. झकास सोय.

"मग आता अडलं कुठं?"

सावंतनं खिशातून घडी घातलेला कागद काढून टेबलावर आपटला. कारणे दाखवा नोटीस! कंपनीची गोपनीय रेखाचित्रं खासगी ग्रुपवर टाकल्याबद्दल, ग्रुप चालवणारा म्हणून प्रकाश सावंत याच्यावर कारवाई का करू नये? खाली सही सर्व्हिसचे प्रमुख नाडकर्णी यांची.

"ग्रुप बंद करा म्हणतात," सावंत म्हणाला. आता आवाजात मस्करी नव्हती. "बंद केला तर काम बंद. चालू ठेवला तर माझी वाट लागली. यंदा मुलीचं कॉलेज आहे, मॅडम."

आणि मी, नाटकातली बाई, सगळ्यांसमोर उभी राहिले आणि हात वर करून बोलून गेले, "ड्रॉइंग नव्या इंट्रानेटच्या पहिल्या पानावर येईल. शब्द देते. मग तुला ग्रुप लागणार नाही आणि नोटिशीला अर्थ उरणार नाही."

सावंत माझ्याकडे बघत राहिला. "मॅडम, हे पण मगावर छापणार काय?"

परतताना रिक्षात मला कळलं, मी काय बोलून बसले ते. पहिलं पान! त्यावर मेहता साहेब हसत उभे होते. त्यांना तिथून हलवणारी मी कोण?

सल्लागारांनी एक पद्धत सांगितली होती. इंट्रानेटवरची एकेक गोष्ट खेळायच्या पत्त्यांसारख्या एकेका पत्त्यावर लिहायची, गठ्ठा लोकांच्या हातात द्यायचा आणि सांगायचं, तुमच्या मते जे शेजारी शेजारी हवं ते एकत्र ठेवा आणि त्या ढिगाला नाव तुम्हीच द्या. त्या नावांवरून नव्या इंट्रानेटची दारं ठरतात. मी पत्ते छापून घेतले आणि सुटले.

मुख्य कचेरीतल्यांनी घाबरत घाबरत सगळं खात्यांप्रमाणे लावलं, साहेब मागं उभे असल्यासारखं. मुलुंडच्या कारखान्यात स्टोअरमधल्या बायकांनी मात्र मला हलवून सोडलं. त्यांनी बाळंतपणाची रजा, कर्ज, तक्रार समिती आणि राजीनाम्याचे नियम असे पत्ते हळूच एका बाजूला काढले. "या ढिगाचं नाव काय?" मी विचारलं. एकमेकींकडे बघून झाल्यावर एक म्हणाली, "एकटं असताना बघायचं. आमचा कॉम्प्युटर पॅसेजमध्ये आहे, मॅडम. येणारा जाणारा वाकून बघतो." कुठला चौकोन उघडून हे मला कळलं असतं?

आणि घाटकोपर! घाटकोपरला पत्ते हातात पडले आणि सावंतनं ते सराईतपणे पिसले, चौघांना वाटले आणि रमी सुरू झाली. खोटं वाटेल, पण अक्षरशः रमी. एकानं टाकायचा, दुसऱ्यानं हवा तर उचलायचा.

"पगाराची पावती."

"ठेव इकडे! मेडिकल कार्ड पण दे. हा ढीग 'बायको विचारते ते'."

"कंपनीचं ध्येय. कोणाला हवंय?"

"नको."

"नको रे बाबा."

"ठेव, त्याचा वेगळा ढीग कर. 'साहेबांना लागतं ते'."

ड्रॉइंग, सुट्या भागांच्या स्टोअरचा फोन, अडचणीचे नंबर, हे सगळं सावंतनं स्वतःकडे ओढलं आणि ढिगाला नाव दिलं 'आत्ताच्या आत्ता'. शेवटी टेबलाच्या कडेला काही पत्ते राहिले. कुणीही न उचललेले. सावंत म्हणाला, "ह्यांचा नाव 'देवाक म्हायत'."

मी ते उचलून बघितले. सगळ्यात वर होता 'मासिक वार्तापत्र'. ते मी काढते. वर्षानुवर्षं काढत होते, प्रत्येक मथळा जिभेवर घोळवून. एकानं माझा चेहरा बघितला आणि सावंतला कोपर मारलं. सावंत घाईघाईनं म्हणाला, "मॅडम, आपण हवं तर उचलतो. जोकर म्हणून चालेल."

ढिगांचे फोटो घेऊन मी देशपांडे साहेबांकडे गेले. त्यांनी कपाळावर हात मारला. "सुर्वे, मेहता साहेबांना मी जाऊन सांगू, की तुमचा फोटो 'साहेबांना लागतं ते' मध्ये गेला? तुम्हीच सांगा."

मी सांगायला गेले. मेहता साहेब घाटकोपरातच लहानाचे मोठे झालेले, मराठी आपल्यासारखं बोलतात, माणूस वाईट नाही. पण म्हणाले, "सुर्वेबेन, सर्वेक्षणात तर सगळ्यांनी पाच दिले. चार माणसं पत्ते खेळली म्हणून पहिलं पान बदलायचं? ड्रॉइंग आत आहेच की. ज्याला हवं तो शोधेल."

ज्याला हवं तो शोधेल! बस्स. मला माझा तिसरा अंक मिळाला.

अंधेरीला आमच्या प्रशिक्षण केंद्रात एक सरावाची लिफ्ट आहे, दोनच मजल्यांची. नव्या मेकॅनिकांना शिकवायला तिथं ती मुद्दाम बंद पाडतात. सुरक्षा अधिकाऱ्याची रीतसर परवानगी काढली, आत मोबाइलला नेटवर्क येतं याची खात्री केली आणि मेहता साहेबांना 'नव्या इंट्रानेटचं प्रात्यक्षिक' म्हणून बोलावलं. लिफ्टमध्ये आम्ही चौघं. मेहता साहेब, देशपांडे साहेब, मी आणि सावंत, धुतलेला गणवेश घालून. दोन मजल्यांच्या मध्ये सावंतनं बटण दाबलं. लिफ्ट थांबली. पंखासुद्धा थांबला, ते कुणी ठरवलेलं नव्हतं, पण परिणाम छान झाला.

"घाबरू नका साहेब," मी म्हणाले, "हे सरावाचं आहे, सांगाल तेव्हा चालू होईल. फक्त एक विनंती. आज मेकॅनिक तुम्ही. ही लिफ्ट बंद पडली आहे. इंट्रानेटवरून हिचं ड्रॉइंग काढून द्या."

देशपांडे साहेबांनी डोळे मिटून घेतले. मेहता साहेब मात्र हसले. "एवढंच?" त्यांनी मोबाइल काढला आणि शोधाच्या चौकटीत 'ड्रॉइंग' टाईप केलं. पहिलं उत्तर आलं, कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी चित्रकला स्पर्धा. दुसरं, त्याच स्पर्धेचा निकाल. मग ते 'ज्ञान व्यवस्थापन'मध्ये शिरले, तिथून 'तांत्रिक वारसा', तिथून कुठं कुणास ठाऊक, आणि फिरून पुन्हा स्वतःच्याच फोटोसमोर आले. पडद्यावरचे मेहता साहेब हसत होते. लिफ्टमधले घाम पुसत होते.

"सावंत, तू शोध," त्यांनी मोबाइल पुढं केला.

"साहेब, माका सापडलं असतं तर मी इथं कशाला आलो असतो?"

दुसऱ्यांदा फोटो समोर आला तेव्हा साहेबांचा संयम सुटला. त्यांनी थेट नाडकर्णींना फोन लावला, स्पीकरवर. "नाडकर्णी, मला प्रशिक्षण केंद्रातल्या लिफ्टचं ड्रॉइंग पाहिजे. आत्ताच्या आत्ता."

मी सावंतकडे बघितलं. त्यानं ओठ दाबून धरले. ढिगाचं नाव साहेबांनी आपणहून उच्चारलं होतं!

"हो साहेब, पाठवतो," नाडकर्णी म्हणाले, आणि खरोखरच, दोन शब्द बोलून होईपर्यंत फोन टुणकन वाजला. ड्रॉइंगचा फोटो. स्वच्छ, सरळ, वाचता येणारा.

"वा! बघा सुर्वेबेन, किती पटकन मिळालं. नाडकर्णी, कुठून काढलंत?"

स्पीकरवर घसा खाकरल्याचा आवाज. "साहेब, ती... आमच्याकडे एक सोय आहे."

मेहता साहेबांनी फोटो मोठा केला. कागद धरून ठेवलेला एक अंगठा कोपऱ्यात आला होता. अंगठ्यात पोवळ्याची अंगठी. अंगठ्यात अंगठी घालणारी माणसं मुंबईत कितीशी असतील?

साहेबांनी हळूच मान वळवली. सावंतनं उजवा हात पॅन्टच्या खिशात घातला.

"सावंत, हात बाहेर काढ."

"राहू दे साहेब. थंडी आहे."

"पंखा बंद आहे!"

हात बाहेर आला. पोवळं चमकलं. देशपांडे साहेबांच्या तोंडून "अरे देवा" एवढंच निघालं. फोनवर नाडकर्णी अजून होते, त्यांनी तो हळूच ठेवून दिला. आणि त्या दोन मजल्यांच्या मधल्या डब्यात आम्ही चौघं, तो अंगठा आणि ती नोटीस असे उभे राहिलो.

"तुला नोटीस दिली आहे ना याबद्दल?" साहेबांनी विचारलं. "उत्तर दिलंस?"

"नाही साहेब. उत्तराचा फॉर्म इंट्रानेटवर आहे म्हणतात." सावंतनं श्वास घेतला. "सापडला नाही."

मला वाटलं, संपलं. याची नोकरी गेली, माझीही गेली, देशपांडे साहेबांना तर झटकाच येणार. मेहता साहेबांचे खांदे हलायला लागले. आधी मला वाटलं राग. मग आवाज फुटला. माणूस भिंतीला टेकून हसत होता, रुमाल तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"माझा फोटो कुठल्या ढिगात टाकलात म्हणालात?"

"साहेबांना लागतं ते," मी म्हणाले.

"मला नाही लागत," ते म्हणाले. "घरी आरसा आहे. सावंत, लिफ्ट चालू कर."

आता आमच्या इंट्रानेटचं पहिलं पान उघडलं की मोठ्या अक्षरात येतं, 'आत्ताच्या आत्ता'. त्यावर बोट ठेवा, लिफ्टचा नंबर टाका, ड्रॉइंग हजर. त्याच्या खाली 'बायको विचारते ते' लिहायची परवानगी मला मिळाली नाही, ते 'घरच्यांसाठी' झालं. मुलुंडच्या बायकांचा ढीग आता मोबाइलवर घरून उघडतो. ड्रॉइंगचे सगळे फोटो नव्यानं, नीट काढायचं काम सावंतवरच आलं. ते काम देणाऱ्या पत्राखाली सही नाडकर्णींचीच होती, आणि नोटिशीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. एक फोटो मात्र सावंतनं मुद्दाम बदललेला नाही. सरावाच्या लिफ्टचं ड्रॉइंग उघडलंत तर कोपऱ्यात अंगठा अजून आहे.

वार्तापत्र मी स्वतःच्या हातानं पहिल्या पानावरून काढलं. त्या दिवशी डबा गोड लागला नाही, लपवत नाही. सल्लागार म्हणाले, फार तर कोपऱ्यात ठेवू. मी म्हटलं, ज्याला हवं तो शोधेल. अजून कुणी शोधलेलं नाही.

आणि परवा बाजारातून आले, दोन्ही हातांत पिशव्या, आमच्या इमारतीची लिफ्ट चौथ्या मजल्याच्या जरा खाली थांबली. आमच्याच कंपनीची. मी आत, एकटी, कोथिंबिरीच्या वासात. बेल दाबली आणि वाट बघितली. काही वेळानं वरून पावलं वाजली आणि ओळखीचा आवाज आला.

"कोण आहे आत?"

"मी! सुर्वे!"

"पत्तेवाल्या सुर्वे मॅडम?"

"सावंत! अरे बाबा, ड्रॉइंग मिळालं का?"

"मिळालं ना, मॅडम. पहिल्याच पानावर. एका बोटात." आवाजात हसू दाटलेलं होतं. "आता आधी तुम्हाला हातानं वर घेतो. पण त्याआधी एक छोटं सर्वेक्षण आहे. लिफ्टमधल्या एकूण अनुभवाबद्दल तुम्ही किती समाधानी आहात? एक ते पाच."

"सावंत, मस्करी पुरे! पिशवीत दूध आहे!"

"दोन देणार असाल तर कारण लिहावं लागेल हां, मॅडम. चौकोन उघडणार."

मी पिशव्या खाली ठेवल्या, तोंड वर केलं आणि माझ्या नाट्यस्पर्धेतल्या आवाजात, अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल असं ओरडले, "पाच!"